इंजिन उघडल्यावर चूक कोणाची दिसते? : पिर्सिगचं पुस्तक पुन्हा वाचताना



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तत्त्वज्ञान संपलं वाटतं, आता गॅरेज उघडलंत?" मी म्हटलं, गॅरेज कसलं, एक इंजिन उघडलं. आणि ते उघडल्यावर जे दिसलं, त्यामुळे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेलं एक पुस्तक मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. आज त्या पुस्तकाबद्दलच बोलायचं आहे.

पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. रॉबर्ट पिर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. १९७४ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं, असं लेखक स्वतःच सांगत असे. १९६८ साली पिर्सिग आपल्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटातून निघाला आणि कॅलिफोर्नियापर्यंत गेला. गाडी होंडाची, ३०५ सीसीची. बरोबर सदरलँड नावाचं जोडपं, त्यांच्याकडे बीएमडब्ल्यू. या प्रवासात लेखक आपल्याशी बोलत राहतो : मोटरसायकलची निगा, बुद्धी आणि भावना यांची फारकत, आणि 'क्वालिटी' म्हणजे गुणवत्ता हे त्याचं मुख्य तत्त्व. पिर्सिग २०१७ साली गेला. त्याची ती होंडा आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आपल्याकडे या पुस्तकाबद्दल एक जास्तीची आपुलकी असते, कारण पिर्सिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकायला आला होता. पुस्तकात त्याचा प्रसंग आहे. प्राध्यापक जगाच्या मिथ्यात्वावर बोलत असतात. हा उठून विचारतो, हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही मिथ्याच का? प्राध्यापक हसून हो म्हणतात. हा वर्ग सोडून जातो, आणि पुढे देशही सोडतो. आमच्या वर्गात हा भाग आला की मुलं खूश व्हायची. प्राध्यापकाची फजिती कोणाला आवडत नाही?

पण माझा आवडता भाग दुसरा होता. सुरुवातीच्याच प्रकरणांत तो येतो. पिर्सिगच्या गाडीचं इंजिन जाम होतं. तो ती गॅरेजमध्ये देतो. तिथे रेडिओ मोठ्यानं चालू असतो, पोरं हसत-खिदळत काम करत असतात. एक जण अडकलेलं कव्हर काढायला छिन्नी-हातोडा घेतो आणि ते खराब करतो. गाडी पुन्हापुन्हा उघडली जाते, बिलं होतात, दुखणं जात नाही. शेवटी पिर्सिगला स्वतःलाच कारण सापडतं : तेल पोचवणाऱ्या भागातली एक क्षुल्लक पिन तुटलेली होती. मग तो विचार करतो की ही मुलं असं का वागली? त्याचं उत्तर असं की त्यांना आस्था नव्हती. ती आपल्याच कामाकडे तिऱ्हाइतासारखी पाहत होती. ज्याला आस्था आहे त्यानं आपली गाडी आपणच पाहावी, हा पुस्तकाचा धडा तिथून सुरू होतो.

हा धडा मी किती तरी वर्षं शिकवला, अगदी रंगवून. आणि सांगतो, त्या काळात मी स्वतः प्लग साफ करण्यापलीकडे गाडीला कधी हात लावला नव्हता.

आता माझ्या गाडीकडे येतो. माझ्याकडे येझदी आहे, १९८१ सालची. नव्या मुलांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. 'जावा' ही मूळ चेकोस्लोव्हाकियाची कंपनी, १९२९ सालची. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला, तिथे १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्यांना 'येझदी' नाव मिळालं, इराणातल्या यझ्द शहरावरून. १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे ही गाडी चेक बुद्धीची, म्हैसूरच्या हातांची आणि इराणी नावाची. आमच्या वसईत, जिथे पोर्तुगीज चर्च आणि चिमाजी अप्पांच्या आठवणी शेजारी-शेजारी नांदतात, तिथे ती अगदी शोभून दिसायची.

तिची यंत्ररचना साधी आहे. २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच : किक मारायची, दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर. टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. हे ऑइलचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे.

नोकरीत होतो तोवर ही गाडी मला गिरीजहून स्टेशनापर्यंत न्यायची. पुढे लोकल. निवृत्तीनंतर ती पडवीत उभी राहिली. इथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही, हे वसईकरांना सांगायला नको. त्यात जुलै २०१८ चा पाऊस आठवा. वसई पाण्याखाली होती, वीज नाही, गाड्या बंद. आमच्या पडवीतही पाणी शिरलं आणि येझदी चाकं बुडेपर्यंत त्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर मी तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, आता ही एक तर भंगारात जाईल, नाही तर रस्त्यावर.

पापडीच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. साठीच्या आसपासचे, शाळा सातवीपर्यंत. जावा-येझदीवरच हात बसलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या कवचावर ठेवतात, मूठ कानाला लावतात आणि आतलं बेअरिंग कसं आहे ते सांगतात. डॉक्टरांच्या नळीसारखं. त्यांच्याकडे इंजिन दिलं. सिलिंडरचं बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या बसल्या. गाडी देताना ते म्हणाले, "सर, पहिले हजार किलोमीटर सांभाळून. ऑइल लिटरला पन्नास मिली टाका. आणि पळवू नका."

मी नोंदी ठेवणारा माणूस आहे. एक वही केली. तारीख, पेट्रोल किती, ऑइल किती, किलोमीटर किती.

गाडी सुरू झाली आणि मागून धूर. साधासुधा नाही, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे एवढा. दोन-तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी मी अनुमान केलं. आमच्या न्यायशास्त्रात पहिल्या दिवशी शिकवतात : डोंगरावर धूर दिसतोय, अर्थी तिथे अग्नी आहे. मी म्हटलं, धूर आहे, अर्थी ऑइल जास्त आहे. ऑइल कमी केलं. पन्नासचं पंचवीस. धूर खरंच थोडा कमी झाला. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर तीन दिवसांनी, भुईगावकडून येताना, चढ नाही काही नाही, गाडी एकदम धरल्यासारखी झाली, मागचं चाक घासत गेलं आणि इंजिन बंद. किक खाली जाईना. जाम.

मी ढकलत घरी आलो. घामाघूम. आणि घरी पोचेपर्यंत माझ्या मनात निकाल लागला होता : बोअरिंग चुकलं, पिस्टन घट्ट बसवला, मिस्त्रींनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पापडीला जाऊन त्यांना चार लोकांसमोर तसं बोललो. ते म्हणाले, "गाडी आणा, बघतो." मी म्हटलं, "नको. आता मीच बघतो." त्यांनी पुन्हा काही म्हटलं नाही. तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी ठीक होतं. पण पुढचे काही आठवडे नाक्यावर, लग्नात, वाचनालयात, जिथे विषय निघेल तिथे मी ही कथा सांगितली. पिर्सिगचा दाखला देऊन सांगितली! आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची जुनी राजदूत त्यांच्याकडे जायची होती, ती माझं ऐकून दुसरीकडे गेली.

मग मी गाडी उघडायला बसलो. वय एकाहत्तर. पाने आणले, पक्कड होतीच, शेजारच्या मुलानं मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले. पहिल्याच दिवशी सायलेन्सरची नट निघेना. रॉकेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी जोर लावला आणि पाना निसटून बोटाची सालटी गेली. पिर्सिगनं अशा अडकण्याबद्दल सुंदर लिहिलंय हे मान्य केलं पाहिजे. तो म्हणतो की न निघणारा स्क्रू ही विचार करायची संधी असते. तिथे त्याने दक्षिण भारतातल्या माकड पकडायच्या सापळ्याचा दृष्टान्त दिला आहे : नारळात भात, भोक लहान, माकड मूठ सोडत नाही म्हणून अडकतं. सोडलं तर सुटेल. मी हा दृष्टान्त शिकवायचो तेव्हा वाटायचं, माकड म्हणजे ते गॅरेजवाले. मूठ माझी होती, हे कळायला अजून आठ दिवस होते.

हेड निघालं, सिलिंडर वर ओढला. पिस्टनवर उभे ओरखडे, अॅल्युमिनियम वितळून भिंतीला लागलेलं. मी म्हटलं, झालं सिद्ध. तरी पुरावा पक्का करावा म्हणून सिलिंडर आणि पिस्टन घेऊन नालासोपाऱ्याला एका लेथवाल्याकडे गेलो. त्याला काहीच सांगितलं नाही. त्यानं गेज लावलं, ओरखडे नसलेल्या जागी मोजलं, दोनदा मोजलं. म्हणाला, "बोअर बरोबर आहे. फटही बरोबर ठेवलीय. ज्यानं केलंय त्यानं चांगलं केलंय. ऑइल कमी पडलंय याला."

त्या दिवशी मी घरी येऊन वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : "धूर कमी करण्यासाठी ऑइल २५." आणि पुढे चक्क एक बरोबरची खूण.

आता शास्त्राकडे या, कारण हे मला सगळ्यात जास्त लागलं. न्यायशास्त्रात 'उपाधी' नावाची गोष्ट आहे. धुरावरून अग्नी म्हणणं ठीक. पण अग्नीवरून धूर म्हणता येत नाही. का? कारण धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. ओलं इंधन ही उपाधी. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हे उदाहरण मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. आणि माझ्या पडवीत, तेल मिसळलेलं, शब्दशः ओलं इंधन जळत असताना, मला उपाधी दिसली नाही! धूर नव्या ऑइलचा नव्हताच. दोन्ही सायलेन्सरांमध्ये वर्षानुवर्षं साचलेलं जुनं तेल तापून जळत होतं. ते आपोआप संपलं असतं. धूर कमी झाला तोही त्यामुळेच असेल, माझ्या हिशेबामुळे नव्हे. हे मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. त्यांनी अर्थातच उपाधी हा शब्द वापरला नाही. त्यांनी सायलेन्सरमध्ये तार घालून काळा चिखल बाहेर काढून दाखवला.

हे सगळं झाल्यावर मी पिर्सिग पुन्हा वाचायला घेतला. आणि आता समीक्षेचा मुद्दा.

गॅरेजचा प्रसंग जिथे आहे त्याच्या आसपासच आणखी एक प्रसंग आहे. माझ्या लक्षात तो कधी राहिला नव्हता. लेखक सांगतो की एकदा मुलाबरोबर सहलीला निघालो असता मुसळधार पावसात गाडी बंद पडली. काही केल्या सुरू होईना. पेट्रोल आहे का म्हणून टाकी हलवून पाहिली, आत डुचमळल्याचा आवाज आला. प्लग पाहिले, बरंच काही पाहिलं. सहल रद्द करून परतावं लागलं. पुढे घरी कळलं की डुचमळत होतं ते रिझर्व्हचं पेट्रोल, आणि रिझर्व्हचा कॉक यानं फिरवलाच नव्हता. पावसामुळेच बिघाड झाला हे आधीच गृहीत धरलं होतं, ते चुकलं, असं तो प्रांजळपणे कबूल करतो.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. चूक एकाच जातीची आहे : आधी ठरवलं आणि मग पाहिलं. गॅरेजच्या मुलांनीही तेच केलं. पण निवाडे बघा. स्वतःच्या चुकीला लेखक अज्ञान म्हणतो, घाई म्हणतो, थोडा हसतो. मुलांच्या चुकीला तो आस्थेचा अभाव म्हणतो. म्हणजे माझी चूक माझ्या माहितीतली आणि तुझी चूक तुझ्या चारित्र्यातली! हा या थोर पुस्तकाच्या पायातला तडा आहे, असं माझं मत झालं आहे. आणि मी इतकी वर्षं त्या तड्यावरच उभा राहून शिकवत होतो.

या मुलांना पुस्तकात आवाज नाही. त्यांना पगार किती, दिवसाला किती गाड्या उरकायच्या, मालक मागे उभा आहे की नाही, यातलं काहीही लेखक विचारत नाही. ज्या माणसानं हिरोशिमातलं दुःख मिथ्या म्हटलेलं सहन केलं नाही, त्याच माणसाला त्याच्यासमोर घाम गाळणाऱ्या पोरांची बाजू विचारावीशी वाटली नाही. पुढे एक म्हातारा वेल्डर येतो. चेनगार्डच्या पातळ पत्र्यावर तो असं नाजूक काम करतो की लेखक थक्क होतो. एक डॉलर घेतो. पण त्याच्याही वाट्याला पानभर जागा येते आणि तो जातो. कौतुक होतं, संवाद होत नाही.

कोणी म्हणेल, सर, छिन्नी-हातोडा तर खरा होता ना? निष्काळजी मेकॅनिक नसतात का? असतात, पुष्कळ असतात. निष्काळजी प्राध्यापकही असतात, मी त्यांच्या शेजारी बसून पेपर तपासले आहेत. माझा आक्षेप निवाड्यावर नाही, निवाड्याच्या वेगावर आहे. गाडीच्या बाबतीत जो लेखक धीर धरायला शिकवतो, तो माणसांच्या बाबतीत धीर धरत नाही.

पिर्सिगनंतर याच वाटेवर आणखी एक पुस्तक आलं, २००९ साली. मॅथ्यू क्रॉफर्ड यांचं 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट'. हा गृहस्थ शिकागो विद्यापीठाचा डॉक्टरेट, राजकीय तत्त्वज्ञानातला. वॉशिंग्टनमधली विचारवंतांची नोकरी सोडून त्यानं व्हर्जिनियातल्या रिचमंडला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. तो एक पायरी पुढे जातो, कारण तो पिशवीत बिल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या समोर उभा आहे. एका जुन्या होंडाच्या दुरुस्तीत आपण कुतूहलापोटी वाहवत किती तास घालवले, आणि त्यांचे पैसे गिऱ्हाइकाकडून कसे मागायचे, ही त्याची कुचंबणा पुस्तकातला सर्वांत खरा भाग आहे. आपल्याला शिकवणाऱ्या जुन्या मेकॅनिकांचं ऋणही तो मानतो. पण पिर्सिगच्या त्या पोरांवर तोही जवळजवळ तोच शिक्का मारतो. आणि एक गोष्ट त्याच्याही नजरेआड राहते : त्यानं हाताचं काम निवडलं. आमच्या मिस्त्रींना ते सातवीनंतर करावं लागलं.

इथे आपल्या समाजाकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत हात आणि डोकं यांची फारकत कारखान्यानं केली असेल. आपल्याकडे ती जन्मावर ठरली. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये दाखवून दिलं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, शिक्षण हस्तोद्योगातून व्हावं म्हणून. आपण मध्यमवर्गीयांनी ती गुंडाळून ठेवली. मुलांना हस्तव्यवसायाचा तास ठेवला, त्यातही मार्क आईनं केलेल्या वस्तूला मिळवले.

म्हणून आज आमच्या वर्गातले लोक जुनी जावा, बुलेट, राजदूत हौसेनं उभी करतात आणि फोटोखाली लिहितात, "सगळं स्वतः केलं", तेव्हा मी आता जरा थांबतो. माझ्या येझदीचा हिशेब ऐका. बोअरिंग लेथवाल्याचं. क्रोम चढवलं ते दुसऱ्याच कोणी, आम्लाच्या टाकीवर वाकून, जिथे क्रोमियमची वाफ छातीत जाते. सीटचं रेग्झीन एका बाईनं शिवलं. रंग तिसऱ्यानं मारला. सुटे भाग म्हैसूरमध्ये चाळीसएक वर्षांपूर्वी कोणी तरी घडवले. मी काय केलं? उघडलं, धुतलं, जोडलं आणि एकदा जाळलं. 'मिलिंदपञ्ह' मध्ये नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय, आस की चाक की जू? तसं मी विचारतो, या 'स्वतः' मध्ये स्वतः किती?

मग स्वतः दुरुस्ती करूच नये का? उलट. मी तुम्हाला सांगेन, करा. वयाची पर्वा न करता करा. पण कारण वेगळं आहे. पिर्सिगला वाटतं, स्वतः केल्यानं काम चांगलं होतं, कारण आस्था आपली असते. माझा अनुभव असा की काम बहुधा वाईटच होतं. मिस्त्रींच्या दोन तासांना मला नऊ दिवस लागले. फायदा वेगळाच झाला. दुसऱ्यानं इंजिन उघडलं असतं आणि "ऑइल कमी पडलंय" म्हणाला असता, तर मी मानलं नसतं. म्हणालो असतो, स्वतःची चूक झाकतोय. मी स्वतः उघडलं म्हणून मधे दोष द्यायला कोणी उरलं नाही. पिस्टन, वही आणि मी, तिघेच. आपल्या हातानं काम करण्याचं मोल मला इथे दिसतं. त्यात आपण सापडण्याची शक्यता असते. नुसती व्याख्यानं देणाऱ्याला ती शक्यता फार कमी असते. चाळीस वर्षांत मी चुकीचं काही शिकवलंच असेल, पण त्यानं कधी कुठलं चाक रस्त्यात जाम झालं नाही.

आपल्या परंपरेत ही गोष्ट आधीच सांगितलेली आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. थापटण्यानं मडकी तपासतात तसं गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. सगळे गप्प राहिले, नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, पण पुढे विसोबा खेचरांकडे शिकायला गेलेच. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पारख कुंभाराची होती. हातानं शिकलेली पारख माणसालाही लागू पडते, हे त्या मंडळींनी मान्य केलं होतं. आमच्या विद्यापीठांनी अजून केलेलं नाही.

शेवटचं सांगतो. वही सापडल्यावर मी लगेच पापडीला गेलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही गेलो. आठ दिवस घालवले. पत्नीनं विचारलं, "सापडलं का काही?" मी म्हटलं, "बघतोय अजून." नवव्या दिवशी तिनं वही टेबलावर उघडी पाहिली. एवढंच म्हणाली, "पंचवीस?" त्या संध्याकाळी गेलो.

मिस्त्री एका स्कूटरखाली बसले होते. मी वही दाखवली, चूक सांगितली, माफी मागितली. समोर तिथे बसणारी तीच मंडळी होती, हे बरं झालं. त्यांनी वही हातात घेतली, पुसून घेतलेल्या हातानं पानं उलटली. म्हणाले, "लिहून ठेवलंत ते बरं केलं सर. लोक लिहीत नाहीत, मग कोणालाच कळत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "सायलेन्सर तेव्हाच जाळून साफ करायला हवे होते. तुमचं बिल वाढेल म्हणून बोललो नाही. धूर बघून तुम्ही एकदा विचारायचं होतं." म्हणजे त्यांच्याकडूनही एक गोष्ट राहिली होती, आणि ती राहिली होती माझा खर्च वाचवावा म्हणून. आस्थेचा अभाव म्हणतात तो हाच का?

सिलिंडर पुन्हा एक साइझ मोठा करून झाला. हेही लक्षात ठेवा, बोअर असा मोजक्याच वेळा मोठा करता येतो. भिंत संपते. राजदूतवाल्या गृहस्थांना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हसले, म्हणाले, "राहू दे हो सर, आता तिकडेच बसलंय काम." ती गाडी परत पापडीला आली नाही. माझ्याकडून जे बिघडलं त्यातलं एवढं दुरुस्त झालं नाही, आणि त्याला कुठला पाना चालत नाही.

तेव्हा पिर्सिग वाचू नका असं मी म्हणणार नाही. वाचा, जरूर वाचा. सुरुवातीची प्रकरणं दोनदा वाचा : एकदा पिर्सिगच्या बाजूनं, आणि एकदा छिन्नी हातात घेतलेल्या त्या पोराच्या बाजूनं. आणि गाडी उघडायला बसलात तर वही ठेवा. माप लिहा. धूर दिसला तर निष्कर्ष काढण्याआधी, ज्यानं इंजिन बांधलं त्याला एकदा विचारा.

आता प्रश्न घेऊ.